वाण्याच्या ओट्यावरची शिरगणती

सरकारी आकडा कुणी मोठ्या तोंडानं सांगायला लागलं की मला आजही शिसारी येते. शी! तो आकडा कुठं जन्माला येतो ते मी बघितलंय. घाटकोपरला, आमच्या टेकडीच्या पायथ्याशी, वाण्याच्या ओट्यावर.

एक्याऐंशीची जनगणना. दारांवर गेरूनं नंबर टाकून गेले होते, पण शेवटचा दिवस उजाडला तरी मोजायला कुणी फिरकलं नव्हतं. बाबांनी कंपनीत रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दारात खुर्ची टाकून बसले. त्यांना एकच शब्द लिहून हवा होता. धर्म : बौद्ध. तरुणपणी दीक्षा घेतलेला माणूस. घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडलेला. मागच्या जनगणनेला ते ड्यूटीवर होते, तेव्हा कुणी काय लिहिलं कुणास ठाऊक. यंदा समोर बसून लिहून घेणार होते.

दुपार झाली. देवनारच्या कचऱ्याचा वास सुटला तशी आई म्हणाली, "अवो, आत तरी या." बाबा हलले नाहीत. शेवटी मीच खाली उतरले, तर मोजणीचे गुरुजी वाण्याच्या ओट्यावर तेलाच्या डब्यावर बसलेले. कुणाकडं किती धान्य जातं त्यावरून वाणी सांगतोय, ह्यांच्याकडं पाच माणसं, त्यांच्याकडं सात, आणि हे शाळामास्तर भराभर लिहितायत! आमच्या घरांची अख्खी ओळ उरकलेली. धर्म सगळीकडं हिंदू.

"गुरुजी, वर चढायला पाय मोडलेत का?" मी म्हटलं. कॉलेजात होते, तोंड तेव्हाही असंच होतं.

"त्या गटारातून वर कोण येणार, पोरी? इथं बसून सगळं कळतं."

मी बाबांना बोलावून आणलं. त्यांनी हात जोडले. "गुरुजी, आमचं बौद्ध लिवा."

वाणी मध्येच तोंड घालतोय, "अरे, राहू दे ना हिंदू. दिल्ली सरकारच्या सवलती बौद्धांना नाहीत, बुडतील तुझ्या."

"बुडू द्या," बाबा म्हणाले.

गुरुजींनी कपाळाला आठ्या घालून आमचा कागद शोधला, खाडाखोड केली, बौद्ध लिहिलं. "झालं समाधान?" बाबांचा चेहरा असा खुलला, की मला त्या माणसाच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. जे आपलंच आहे ते मागून घ्यायचं आणि वर आभार मानायचे!

"आणि बाकीची ओळ? तीही बौद्धच आहे," मी म्हटलं.

"ज्याचं त्यानं येऊन सांगावं."

माणसं कामावर गेलेली, येणार कोण? संध्याकाळी बाबांनी दारोदार फिरून सगळ्यांना गोळा केलं आणि खाली नेलं. गुरुजी केव्हाच कागद बांधून बोरिवलीला आपल्या घरी गेले होते. वाणी म्हणाला, "मोजणी संपली."

बाबा वर येऊन ताटावर बसले. आईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "काय झालं?"

"पुऱ्या ओळीत आपलं एकच घर बौद्ध लागलं. बाकी सगळे हिंदू."

आई म्हणाली, "म्हंजे आपल्याच माणसांतनं वाळीत टाकलं म्हणा की आपल्याला."