टांगा टीम

नगर स्टेशनवरून भिंगारला जाणाऱ्या टांग्यांमध्ये गनीभाईंचा टांगा लांबूनही ओळखू यायचा. त्यांच्या सीटखाली, चाऱ्याच्या पोत्याशेजारी, कायम एक फुटबॉल असायचा. एखाद्या उतारूची ट्रंक मोठी असली की चेंडू थेट उतारूच्या मांडीवर यायचा. "जरा सांभाळा साहेब, संध्याकाळी लागतो," असं गनीभाई सांगायचे आणि लोक मुकाट्यानं सांभाळायचे.

मी रंगनाथ, त्यांच्या संघाचा गोलकीपर. आमच्या संघाला रीतसर नाव होतं, पण गावात सगळे 'टांगा टीम' म्हणायचे, कारण सामना दुसरीकडे असला की आम्ही नऊ-दहा जण त्या एका टांग्यात कोंबून जायचो आणि चढ आला की उतरून ढकलायचो.

गनीभाईंचे वडील इंग्रजांच्या वेळी भिंगारच्या घोडदळाच्या तबेल्यात गवत कापायला होते. तिथं गोरे शिपाई फुटबॉल खेळायचे. लहानगा गनी मैदानाबाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचा. एकदा त्यांच्यात एक माणूस कमी पडला म्हणून त्यांनी या पोराला अनवाणीच उभं केलं. तिथून पुढं बारा-पंधरा वर्षं ते खेळले. मग एका तापट घोड्यानं गुडघ्यावर लाथ मारली आणि खेळ सुटला. चालताना ते डावा पाय जरा ओढायचे. खेळणं गेलं तसं त्यांनी शिकवणं धरलं.

त्यांची रीत वेगळी होती. नवा पोरगा आला की त्याच्या चालत्या, म्हणजे सवयीच्या, पायाला ते लाल फडकं बांधायचे. त्या पायानं चेंडूला शिवायचं नाही. शिवला की बाहेर बसायचं. पोरं रडकुंडीला यायची. "ज्या पायानं येतं ते तर येतंच हाय," ते म्हणायचे, "दुसऱ्याला पन शाळेत घाल की." चेंडू गमावला म्हणून ते कधी कुणाला बोलले नाहीत. गमावल्यावर जो कमरेवर हात ठेवून उभा राही, त्याला मात्र टांग्यामागं पळत घरी यावं लागे.

त्या टांग्यामागं सगळ्यांत जास्त पळाला तो सहादेव. पारनेर तालुक्यातला कोरडवाहू शेतकऱ्याचा पोरगा, शाळेसाठी भिंगारला मावशीकडे राहायला आलेला. आला तेव्हा चेंडू पाहिलेला नव्हता. चार वर्षांत गनीभाईंनी त्याचा असा डावा विंग केला की लष्करातले जवानही सुट्टीच्या दिवशी त्याचा खेळ बघायला कुंपणाशी उभे राहायचे.

त्याच सुमाराला प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यानं फुटबॉलचा संघ काढला. मैदान झालं, गोलाला जाळी आली, पिवळे शर्ट आले. नव्हते फक्त खेळाडू. मग ते पुण्याहून, मुंबईहून आणायला सुरुवात झाली. खेळाडूला नोकरी आणि क्वार्टर, आणि त्याला सोडल्याबद्दल त्याच्या जुन्या क्लबाला रोख रक्कम. ही रक्कम दर साली फुगत चालली. पहिल्या साली सायकलीच्या किमतीत आलेला बॅक आणि तिसऱ्या साली मोटारसायकलीच्या किमतीत आलेला सेंटर फॉरवर्ड, असं लोक चहाच्या टपरीवर बसून सांगायचे. ऊस तोलल्यासारखी माणसांची बोली चालायची.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर नगरच्या स्पर्धेत आम्ही त्या कारखान्याशी फायनल खेळलो आणि हरलो. पण सहादेवनं त्यांच्या मोटारसायकलवाल्याला असं नाचवलं की सामन्यापेक्षा त्याचीच चर्चा जास्त झाली. चौथ्या दिवशी कारखान्याच्या क्लबाचे सेक्रेटरी जीप घेऊन टांगा स्टँडवर हजर.

"गनीभाई, तुमचा तो डाव्या बाजूचा पोरगा आम्हाला द्या," ते म्हणाले. "दोन हजार देतो क्लबाला."

आम्ही पाच-सहा जण तिथंच होतो. दोन हजारांत नवा घोडा आला असता आणि वर सगळ्या संघाला बूटही. आमचा बॅक कादर माझा दंड दाबत होता.

गनीभाई घोडीचा खरारा करत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "नोकरी कायमची हाय?"

"कायमची."

"उद्या त्याचा पाय मोडला, खेळ सुटला, तरी?"

सेक्रेटरी जरा घुटमळले. "हो. तरी."

"मग येवढं एक त्याच्या बापासमोर चला सांगायला. आनि सहादेवला विचारा, त्याला यायचं का. पैशाचं राहू द्या."

"म्हणजे? कमी पडतात का?"

"न्हाई हो. ही घोडी इकली तर पैसे घेईन. पोरगं कामाला लागतंय, त्याचे कसले पैसे?"

सेक्रेटरींना वाटलं, म्हातारा घासाघीस करतोय. त्यांनी आणखी पाचशे वाढवले. गनीभाई हसले आणि घोडीचं खूर उचलून बघू लागले.

सहादेव गेला. घरी तीन धाकटी भावंडं होती, पाऊसपाण्याचा भरवसा नव्हता, कायमची नोकरी कोण सोडणार? जायच्या दिवशी गनीभाईंनीच त्याला टांग्यातून माळीवाड्याच्या एस.टी. स्टँडवर सोडलं. आम्ही मात्र फुगून बसलो होतो.

"निदान बूट तरी मागायचे," कादर म्हणाला.

"बूट आले असते रे," गनीभाई म्हणाले. "पन मग पुढच्या साली मी तुमच्याकडं बघितलं असतं, तवा मला तुमचा खेळ दिसला असता का तुमचा भाव?"

कादरला पटलं नाही. तो आठवडाभर खेळायला आला नाही, मग आला.

पुढचं साल बहात्तरचं. पाऊस आलाच नाही. कडबा मिळेना, मिळाला तर घोडीला घालावा की घरात ज्वारी आणावी असा प्रश्न. टांग्याला उतारूही कमी झाले. शेवटी गनीभाईंनी घोडी शिर्डीच्या एका टांगेवाल्याला विकली. तिथं भाविकांची ये-जा असते, घोडी उपाशी मरणार नाही, येवढाच हिशेब त्यांनी केला. त्यांच्या बायकोचं, मुबारकबींचं, माहेर पारनेर तालुक्यातलं. त्या गावाजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. नवरा-बायको घराला कुलूप लावून तिकडं मातीकामाला गेले. आमचं खेळणं बंदच पडलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला मला त्यांचा निरोप आला, 'चेंडू घेऊन ये, पंप पण आण.' मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं यांचं. तरी एस.टी. धरून गेलो.

कामावर हजारभर माणूस होतं. बाया-बापे, म्हातारे, पोरं, सगळे मातीच्या पाट्या वाहत होते. गनीभाई वाळून अर्धे झाले होते, पण मला बघून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "ते बघ मैदान." बांधाच्या आतला तलावाचा तळ त्यांनी दाखवला. खोदून सपाट झालेली पांढरी जमीन, ढेकूळसुद्धा नाही. "अशी जागा नगरात न्हाई."

काम सुटायला थोडा वेळ होता. मी पंपानं हवा भरत होतो, तेवढ्यात चेंडू हातातून निसटला आणि उतारानं घरंगळत गेला. समोरून तेरा-चौदा वर्षांचा एक पोरगा डोक्यावर मातीची भरलेली पाटी घेऊन येत होता. त्यानं पाटीला हात न लावता, मान न वाकवता, नुसता पाय पुढं करून चेंडू जागच्या जागी थांबवला. पाटीतली माती सांडली नाही. तो चेंडूवर पाय ठेवून उभा राहिला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "ह्ये काय हाय?"

गनीभाईंनी माझ्या मांडीवर थाप मारली.

तो गहिनीनाथ. त्या संध्याकाळपासून तलावाच्या तळात वीसेक पोरं फुटबॉल खेळू लागली. गोलाच्या जागी पालथ्या पाट्या. गनीभाईंनी मुबारकबींच्या जुन्या लुगड्याची फडकी फाडून पोरांच्या पायांना बांधली.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथची आई राहीबाई तरातरा चालत आल्या. "ओ भाई, दिसभर पाट्या वाहून पोरगं पुन्यांदा धावतंय. धावलं की भूक लागती. भाकर कुठून आनू मी?"

त्या दिवसापासून कामावर खायला मिळणारी सुकडी गनीभाई पदरी ठेवीनात, खेळ संपला की पोरांत वाटायचे. मुबारकबी चिडल्या. "स्वतःच्या बरगड्या मोजून घ्या आधी," म्हणाल्या. पण चार दिवसांनी त्यांची सुकडीही त्याच फडक्यात बांधून आली. मी आठ दिवस राहिलो, हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. राहीबाई पुन्हा तक्रारीला आल्या नाहीत. उलट संध्याकाळी बांधावर बसून बघायला लागल्या, आणि पोरगा पडला की सगळ्यांत आधी त्यांचाच आवाज यायचा, "ऊठ की मेल्या!"

त्र्याहत्तरला पाऊस झाला. तलावाच्या तळात पाणी साचलं आणि मैदान बुडालं. गनीभाई भिंगारला परतले ते तीन पोरं घेऊन. त्यातला एक गहिनीनाथ. "शाळेत घालनार असाल तर न्या," अशी राहीबाईंची अट होती आणि ती गनीभाईंनी पाळली. घोडी नव्हती, म्हणून दुसऱ्याचा टांगा भाड्यानं हाकू लागले. पोरं त्यांच्याच घरी जेवायची.

दिवाळीत सहादेव आला. अंगावर टेरिलीनचा शर्ट, पण तोंड उतरलेलं. कारखान्यानं मुंबईहून आणखी एक विंग आणला होता, म्हणे आजवरची सगळ्यांत मोठी रक्कम देऊन. येवढे पैसे मोजल्यावर त्याला बसवून कसं ठेवणार? म्हणून सहादेव बाहेर बसला होता, वर्षभर.

"नोकरी सोडतो गनीभाई," तो म्हणाला. "परत तुमच्याकडं खेळतो."

"येडा झालास का? घरात चूल कुनाच्या जिवावर पेटली दुष्काळात?"

"पन मी खेळायला गेल्तो तिथं. बसायला न्हाई."

गनीभाईंनी त्याला शेजारी बसवलं. "तुमच्या क्वार्टरात पोरं किती असतील?"

"लई हायेत."

"संध्याकाळी काय करतात?"

"काय करनार? विटीदांडू. न्हाईतर उसाच्या गाड्यांमागं पळतात."

"मग पळतातच की. चेंडू टाक त्यांच्यात." गनीभाई पुढं म्हणाले, "तुला कुनी खेळवलं न्हाई, ते वाईट झालं. पन तू दुसऱ्याला खेळवू शकतोस. तेला कुनाची परवानगी लागत न्हाई."

सहादेव परत गेला. जाताना गनीभाईंनी त्याच्या हातात लाल फडक्यांचा एक गठ्ठा दिला.

त्या वर्षी स्पर्धेच्या सेमीफायनलला आमची गाठ पुन्हा कारखान्याशीच पडली. त्यांचे अकराच्या अकरा खेळाडू बाहेरून आणलेले. आमच्यात पाझर तलावावरचे तीन, त्यातल्या दोघांना तर बूट घातले की चालताच येत नव्हतं. ते अनवाणीच खेळले. खोटं कशाला सांगू, त्यांचा खेळ आमच्यापेक्षा देखणा होता. पहिला अर्धा तास मी एकटाच सामना खेळतोय असं मला वाटलं. दोनदा चेंडू खांबाला लागला.

पण ते अकरा जण एकमेकांना नीट ओळखत नव्हते. चेंडू गेला की एक दुसऱ्याकडे बघून हात उडवायचा. आमची पोरं चेंडू गेला की नुसती धावत सुटायची. हाफटाइमनंतर तो मुंबईचा विंग दमला. सामना संपायला थोडा अवधी असताना गहिनीनाथनं त्याच्याकडून चेंडू काढला, दोघांना मागं टाकलं, आणि सगळ्यांना वाटलं तो उजव्या पायानं मारणार, तर त्यानं डाव्यानं हळूच कादरकडे सरकवला. कादरनं मारला तो काही फार चांगला नव्हता. नडगीला लागून गेला. पण गेला आत.

एक-शून्य. लोकांनी कादरला आणि गहिनीनाथला खांद्यावर घेतलं. फायनलला लष्कराच्या संघानं आम्हाला चार गोल मारले, तेही खरं, आणि चारही माझ्या अंगावरून गेले.

सेमीफायनल संपल्या संपल्या कारखान्याचे सेक्रेटरी घाम पुसत गनीभाईंकडे आले होते. "या पोराचं काय घ्याल?"

"हा शाळेत जातो साहेब," गनीभाई म्हणाले. "आनि माझ्याकडं कशाला येता येवढ्या लांब? तुमच्या क्वार्टरात बघा. सहादेवनं तिथं बरीच पोरं जमवलीत."

सेक्रेटरींनी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. पण दुष्काळात ऊस जळाला होता, गाळप जेमतेम झालं, आणि पुढच्या साली कारखान्याला येवढ्या रकमा झेपेनात. मुंबईचे खेळाडू एकेक करून जास्त देणाऱ्याकडे निघून गेले. तेव्हा सेक्रेटरी एका संध्याकाळी चालत क्वार्टरांमागच्या मोकळ्या जागेवर गेले, आणि तिथं सहादेव चाळीस पोरांमध्ये शिट्टी फुंकत उभा होता.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात आम्ही कारखान्याच्या मैदानावर सामना खेळायला गेलो. त्यांच्या संघात सात पोरं कामगारांची होती, पिवळे शर्ट त्यांच्या गुडघ्यापर्यंत येत होते. सहादेव कप्तान. त्यांनी आम्हाला दोन गोलांनी हरवलं. सामना संपल्यावर सहादेव गनीभाईंच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला मध्येच धरलं आणि त्याच्या मागं उभ्या असलेल्या पोरांची चौकशी सुरू केली. कोण कुणाचा, कुठल्या इयत्तेत, जेवला का.

एस.टी.ची वेळ झाली. आम्ही पिशव्या उचलल्या. गनीभाई हलेनात.

"रंगनाथ, तू पोरांना घेऊन पुढं हो," ते म्हणाले. "मी दोन दिवस हितं राहतो. तो बारका पोरगा बघितलास का, उजव्या बाजूचा? पडला की लवकर उठत न्हाई."

आणि ते पाय ओढत परत मैदानाकडे निघाले.