आत्याची अर्धी बोरमाळ

आत्या गेली तेव्हा तिच्या पायाच्या अंगठ्याला रेशमाचा धागा होता.

आज वीस वर्षं झाली.

सकाळपासून चार वेळा स्टुडिओत जाऊन आले, एकही काम धड झालं नाही. रेझिन कालवलं ते वाटीतच घट्ट झालं. शेवटी जमिनीवर बसले. एका हातानं टाइप करतेय, चुका पोटात घाला.

स्टुडिओ म्हणजे काय, बीडच्या घराची मागची खोली. माती, कापड, मणी, हाताला लागेल त्याचे दागिने करते मी तिथं. तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या कानात आहेत.

गंगाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. राहायची उमापूरला. आमचं घराणं पटवेकऱ्याचं. सोनार मणी घडवतो. ते रेशमात ओवून, गाठी मारून गळ्यात घालण्याजोगं करून देतो तो पटवेकरी.

पटवेकरी खाली बसतो, पाय लांब करतो, धाग्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवतो आणि ताणून ओवत जातो. फुकटातला क्लॅम्प.

आत्या असं करायची नाही. कधीच नाही.

जिची माळ तिला समोर बसवायची आणि धागा तिच्या हाताच्या अंगठ्याला बांधायची. माळ होईपर्यंत हलायची सोय नाही.

आणि मी लहानपणापासून बूड न टेकणारी.

"हलू नको गं! माळ माजी हाय का तुजी?"

"मग पायाला बांध की, आत्या."

"पायाला कावून न्हाई बांधत, ऐक."

मग ती निजामाच्या राज्यातली गोष्ट सुरू व्हायची. शंभरदा ऐकलीय.

आत्या तेव्हा बारा वर्षांची. तालुक्याला तहसीलदाराच्या घरी सुनेचे दागिने गाठवायचे होते. घरात पडदा, परका पुरुष आत जाणार कसा? म्हणून माझ्या पणजोबांनी लेकीला आत पाठवलं आणि स्वतः देवडीत बसून राहिले.

काम जमलं तर तिला पुढंही ओवायला मिळणार होतं. एरवी पोरीच्या हातात मणी कोण देतो?

सुनेनं गळ्यातली मोत्यांची माळ काढून दिली. मधोमध चांदीचा तावीज. आत्यानं घरी बघितलं होतं तसंच केलं. पाय लांब केला, तावीज ओवला, धागा अंगठ्यात अडकवला.

तावीज घसरत आला आणि पायावर टेकला.

सासू किंचाळलीच. "तावीज पाँव कू लगाई! निकालो इसकू!"

"मला ठावंच न्हवतं गं," आत्या सांगायची. "आमच्यात मंगळसूत्र बी पायालाच ताणत्यात, मंग कपाळाला लावून देत्यात. मला लई रडू आलं. म्हनलं संपलं, आता आबा जल्मभर चुलीपुढं बसवतेत."

तेवढ्यात सूनच पुढं सरकली. आत्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं तावीज उचलून डोळ्यांना लावला आणि आपला हात आत्यापुढं धरला.

"रो नक्को. ले, मेरे अंगूठे कू बांद."

दुपारभर ती तशीच बसली. तहसीलदाराची सून, पटवेकऱ्याच्या पोरीची खुंटी होऊन.

"तिची नाडी धाग्यातनं माज्या बोटाला लागत व्हती," आत्या म्हणायची. "तवापासून पायाला धागा लावला न्हाई."

त्या माळेनंतर आत्यासाठी कितीतरी घरांची आतली दारं उघडली. लग्न झालं, लेकरं झाली, तरी तिनं काम सोडलं नाही.

नव्वदीला टेकल्यावर तिनं स्वतःची बोरमाळ मला द्यायचं ठरवलं. धागा कुजला होता, नव्यानं ओवून देणार होती. निरोप आला, "ये. अंगठा तुजाच लागतो."

तेव्हा औरंगाबादला माझं पहिलं प्रदर्शन होतं. गेले, पण उभ्या उभ्या, पाच मिनिटं. आणि नेलं काय? टेबलाला लावायचा स्क्रूचा क्लॅम्प.

"आत्या, आता कुणाला बसवायला नको."

तिनं तो फिरवून फिरवून पाहिला. "ह्याला नाडी हाय का?"

मी हसले. "प्रदर्शन झालं की येते. दिवसभर बसते."

"बसतीस तू!" तीही हसली. "तू बसल्याली म्या कदी बघितली न्हाई."

ते हसणं आठवलं की अजून उठून चालायला लागावंसं वाटतं.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेलीच होती. पाय लांब. निम्मी माळ ओवलेली, उरलेले मणी ओच्यात. क्लॅम्प फडताळात, खोक्यासकट.

धागा पायाच्या अंगठ्याला.

शेजारीण म्हणाली, "सोन्याचं हाय, आमी हात लावला न्हाई. तुमीच सोडा."

मी सोडला. बारा वर्षांची असल्यापासून जे तिनं केलं नव्हतं, ते माझ्या पाच मिनिटांपायी केलं. याचा राग कुणावर काढायचा, मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

माळ मी पूर्ण केली नाही. कशी करणार? ओवणारी ती आणि अंगठा माझा, असं ठरलं होतं.

आज ती बाहेर काढली. टोक डाव्या अंगठ्याला बांधलं आणि भिंतीसमोर बसले. तास होऊन गेला. कुरिअरवाला बेल वाजवून परत गेला. पाय बधिर झालेत. पलीकडच्या टोकाला कुणी नाही, माझी नाडी मलाच लागतेय.

श्रद्धांजलीला हात जोडायचे असतात, आत्या. माझा एक हात तुझ्या धाग्यात आहे.

बसलेय बघ. हलत नाही.