डेलरीसबाईंचा आठ

१४ जानेवारी २०२४, रविवार. डेलरीस फ्रान्सिस यांनी आइस रिंकच्या काउंटरवर ३७ पौंड ५० पेन्स भरले आणि स्केटिंग शिकवायला सकाळी सहा ते सात बर्फाचा एक कोपरा घेतला. शिकणारी एकच, माझी नात तनू. तिच्या फीपेक्षा भाडंच जास्त. मार्चअखेर तीन विद्यार्थी झाले नाहीत तर तो तास हॉकीवाल्यांना देणार, असं मॅनेजरने त्यांना सांगितलं होतं.

डेलरीसबाई सदुसष्ट वर्षांच्या. आईवडील जमैकाचे, जन्म इथलाच. आई याच रिंकवर सफाई करायची. क्लबने या काळ्या मुलीचा अर्ज चार वर्षं नुसता ठेवून घेतला. आई फरशी पुसत असताना ती रिकाम्या बर्फावर स्केटच्या पात्याने इंग्रजी आठाचा आकडा काढायची. तेव्हा परीक्षाच तशी असे: एका पायावर आठ काढायचा, त्याच रेघेवरून आणखी दोनदा जायचं, मग परीक्षक वाकून रेघ तपासत.

१९७१ साली, तिला शिकवू लागलेल्या रिंकवरच्या एका शिक्षिकेने परीक्षकांना कँटीनमध्ये चहाला बसवलं आणि मुलगी बर्फावरून उतरल्यावरच बोलावलं. रेघा पास झाल्या. कोणाच्या, ते कळल्यावर एक जण म्हणाला, "माझ्यासमोर पुन्हा काढ." तिने काढल्या. नव्या रेघा जुन्यांवरच बसल्या. पुढे त्या रिंकवरची ती पहिली काळी प्रशिक्षक झाली.

फेब्रुवारीत मी लंडनमधल्या हॅरोहून आमच्या ओळखीच्या अवधूतला, त्याच्या मुलीसाठी, तिथे नेलं. त्याने काचेतून पाहिलं.

"काका, ह्या? दुसरं कोणी नाही का? आय मीन, एजमुळे म्हणतोय."

"वयामुळे?"

तो हसला. पहिल्या दिवशी काउंटरवर 'दुसरं कोणी नाही का?' असं मीही विचारलं होतं.

"तुमचे मित्र परत आले नाहीत. पार्किंग मिळालं नसेल," पुढच्या रविवारी डेलरीसबाई म्हणाल्या. बाहेर अख्खा कार पार्क रिकामा होता.

मार्चच्या शेवटच्या रविवारीही तनू एकटीच होती. तिने आठ काढला. डेलरीसबाई गुडघ्यांवर बसून रेघ बघत राहिल्या. हॉकीची मुलं दाराशी येऊन थांबली.

"आजोबा, मिस का नाही उठत?" तनूने विचारलं.

शेवटी त्या उठल्या, तनूला "क्लीन" एवढंच म्हणून बाहेर पडल्या, आणि मी पाकीट काढेपर्यंत त्यांची बस गेलेली होती. त्यांचा फोन लागत नाही. त्या धड्याचे अठरा पौंड मी त्यांना अजून देणं लागतो.