काकांची फटफटी आणि आत्याचा सोऱ्या

चेंबूरच्या नाक्यावर एसटी थांबली, तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. दिवाळीची सुट्टी लागल्याबरोबर मी साताऱ्याहून निघाले होते, शाळेतल्या पोरांचे तपासायचे पेपर तसेच कपाटात कोंबून. न्यायला आत्या आली होती. तिनं मला जवळ घेतलं आणि मला घासलेटाचा भपकारा आला. पाहिलं तर तिच्या नखांच्या कडा काळ्याकुट्ट.

"आत्या, स्टोव्ह बिघडला की काय?"

"स्टोव्ह कुठला! घरी चल, सांगते. सुमे, तुला पाना धरता येतो का गं?"

मुलुंडला पोचेपर्यंत तिनं एवढंच सांगितलं की जे बघशील ते कुणाला बोलायचं नाही. आत्याची सोसायटी म्हणजे चार मजले, समोर फरशीचं अंगण आणि प्रत्येक गॅलरीत एक तरी बाई. तिनं मला वर न नेता थेट जिन्याखाली नेलं. तिथं एक जुनी साडी वाळत घालावी तशी टांगलेली होती. साडीमागे काकांची, म्हणजे आत्याच्या यजमानांची मोटारसायकल.

काका ऑफिसच्या कामासाठी काही महिने नागपूरला गेले होते. जाताना बजावून गेले होते, "गाडी झाकून ठेव. हात लावू नकोस." इतकी वर्षं मागच्या सीटवर बसून आत्यानं काकांचे गिअर पाठ केले होते. काका गेले आणि आत्या रोज पहाटे टेकडीच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी घेऊन जायला लागली. पदर खोचून, साडी गुडघ्यांत आवळून. एक दिवस पेट्रोल संपलं. तिनं पंपावर जाऊन नुसतं पेट्रोल भरलं.

"ह्या गाडीला पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं असतं, हे मला कोण सांगणार? मागच्या सीटवरून ते दिसतं होय? मस्त चालली होती. अन् मधेच कचकन चाक धरलं. पडता पडता वाचले."

तेलाशिवाय इंजिन तापलं आणि पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला. किकवर उभं राहिलं तरी ती खाली जाईना. प्लगच्या भोकातून आत्यानं रेशनचं अर्धं घासलेट आत ओतलं होतं, वर खोबरेल तेलही. काका लक्ष्मीपूजनाच्या सकाळी येणार होते.

"मग कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखव की," मी म्हटलं.

"तो काकांचा पत्त्यांतला भिडू. गाडी सोडून दुसऱ्या कशावर बोलत नाहीत दोघं. माझी वाट लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या गॅलऱ्या झोपल्यावर आम्ही गाडी गिअरमध्ये टाकली आणि दोघींनी मिळून पुढे-मागे हिसके दिले. पहिल्यांदा नुसत्या आम्हीच हाललो. मग आत कुठंतरी 'टक्' झालं आणि चाक फिरलं. आत्यानं तिथंच फुगडीचा एक फेर घेतला. पण सिलिंडर उचलून बघितला तर आतला दट्ट्या उभा ओरखडला होता आणि त्याच्या रिंगा खोबणीत रुतून बसल्या होत्या.

"अगं, हा तर चकलीचा सोऱ्या!" आत्या म्हणाली. "कोरडं पीठ भरलं की असाच अडकतो. दट्ट्या नवीन घ्यायचा आणि नळी आतून घासून घ्यायची."

मला चकलीही येत नव्हती आणि इंजिनही, त्यामुळे मी मान डोलावली.

सिलिंडर आणि पिस्टन जुन्या टॉवेलात गुंडाळून भाजीच्या पिशवीत घातले, वर मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या. फाटकातच तळमजल्यावरच्या नाडकर्णीबाईंनी अडवलं.

"काय हो, पिशवी जड दिसतेय?"

"सोऱ्या आहे. दुरुस्तीला चाललेय."

"अय्या! परत आणलात की द्याल का मला? आमचा गेल्या वर्षी चेपलाय."

"देते की," आत्या म्हणाली आणि बसस्टॉपपर्यंत मागं वळून पाहिलं नाही.

आग्रा रोडवरून कुर्ल्याला जाणारी बस म्हणजे नाकानं करायचा प्रवास. भांडुपला रंगाचा वास, विक्रोळीला साबणाचा, पुढे कुठंतरी भाजलेल्या बिस्किटांचा. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, त्यांवर भोंगे आणि भिंतींना टेकलेल्या चहाच्या टपऱ्या. पिशवीतून तेल झिरपून माझ्या नव्या साडीवर एक काळं पान उमटलं होतं, ते मी कुर्ल्याला उतरल्यावर पाहिलं.

कुर्ल्याच्या त्या गल्लीत जुन्या गाड्यांचे अवयव टांगलेले होते. सायलेन्सर, टाक्या, हँडलं. आम्हा दोघींना बघून दुकानदारांनी आधी हिंदीत "रास्ता भूल गया क्या?" असंच विचारलं. शेवटी एका दुकानात मालवणचे एक गृहस्थ भेटले. त्यांनी पिस्टन उजेडात धरला आणि हळहळले.

"बाये, ह्या इंजिनाची वाट कोणी लावल्यान?"

"आमच्या ह्यांनी," आत्या डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली.

"बापयांची जात अशीच. कायव सांगा, आयकूचे नाय." त्यांनी काकांना आणखी दोन शिव्या घातल्या, आत्यानं त्या शांतपणे ऐकून घेतल्या. मग त्यांनी एका मापानं मोठा पिस्टन नव्या रिंगांसह आमच्या पिशवीत टाकला. त्यांनी समजावलं की सिलिंडर ह्या पिस्टनाच्या मापानं आतून कोरून घ्यायचा. वर चहा पाजला आणि शेवबुंदीचे लाडू दिले, ते इतके कडक होते की मी अर्धा गुपचूप पिशवीत सरकवला.

घाटकोपरला सिलिंडर कोरून देणारं लेथचं एक लांबट दुकान सापडलं. मालक शेठजी गल्ल्यावरच्या तसबिरीला झेंडूची माळ चढवत होते. सिलिंडर बघून त्यांनी हात जोडले. "दिवाली के बाद आना, बेन. कारीगर गाव जानेवाले हैं."

"आता कुठं गेलेत? समोर तर उभे आहेत."

"पन टाइम नहीं ना."

"बरं. आम्ही थांबतो."

आत्यानं दारातलं स्टूल ओढलं, मला पायरीवर बसवलं, वर्तमानपत्र पसरलं आणि मेथी निवडायला घेतली. मीही घेतली. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बाया थांबून भाव विचारून गेल्या. एकीला आत्यानं खरोखरच भाव सांगितला. मग एक पोलीस थांबला आणि शेठजींकडे बघून म्हणाला, "काय शेठ, भाजीचा धंदा कधी काढला?" लेथवरचे दोघे कारागीर हसून हसून मशीन बंद करून उभे राहिले.

"अरे, इनका काम पहले करो!" शेठजी ओरडले. "ये उठेंगी नहीं, बाबा!"

सिलिंडर आतून आरशासारखा चकचकीत होऊन हातात आला. निघताना आत्यानं निवडलेली मेथी शेठजींच्या टेबलावर ठेवली. ते ती नको नको म्हणत होते, पण घरी नेली असणार.

जोडणी पुन्हा साडीच्या पडद्याआड. पिस्टनची पिन जागेवर धरणारी एक बारीक तारेची रिंग असते. ती बसवताना माझ्या पकडीतून निसटली आणि उडाली. आम्ही फरशी झाडली, केर पिठाच्या चाळणीनं चाळला, गाडीखाली आडव्या झालो. रडवेली होऊन मी वर पाहिलं तर रिंग आत्याच्या अंबाड्यात आकड्यासारखी लटकत होती.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी आत्यानं किक मारली. एक, दोन, आणि मग फट् फट् फट्! उरलेलं घासलेट आणि खोबरेल एकदम जळलं. जिन्यातून पांढऱ्या धुराचा लोट वर चढत गेला. नाडकर्णीबाई वरच्या पोरांवर ओरडल्या, "मेल्यांनो, फटाके बाहेर उडवा!" आणि पडद्याआड आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसत होतो.

सकाळी काका आले. सोबत बोरिवलीचे एक गृहस्थ होते. अंघोळ, फराळ झाल्यावर काका सहज म्हणाले, "हे गाडी बघायला आलेत. विकून टाकतोय. आता स्कूटर घेऊ, तुलाही बसायला बरी."

आत्याच्या हातातली चकली अर्ध्यातच राहिली. आम्ही सगळे खाली गेलो. काकांनी किक मारली. पुन्हा मारली. घामाघूम झाले. पाहुणे घड्याळाकडे बघायला लागले. गाडी बंदच राहिली असती तर सौदा तिथंच मोडला असता. आत्यानं फक्त गप्प बसायचं होतं.

पण तिला ते बघवेना. "अहो, पेट्रोलचा कॉक बंद आहे," ती म्हणाली.

काका हळूच वळले. "तुला काय माहीत?"

आत्यानं पदर खोचला, काकांच्या हातातून हँडल घेतलं, कॉक उघडला आणि एका किकेत गाडी सुरू केली. फाटकातून बाहेर पडली ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि वळून परत आली. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. काकांचं तोंड उघडं. आत्याचं लाल.

"गाडी बंद पडली होती," ती म्हणाली. "माझ्याच हातून. मी आणि सुमीनं दुरुस्त केली. आता विकायची असेल तर विका."

काकांनी वाकून इंजिनावरून एक बोट फिरवलं. मग निमूटपणे मागच्या सीटवर बसले. "चल. बघू तरी."

ती दोघं परतली तेव्हा काकांचे केस उभे होते आणि चेहरा पांढराफटक. उतरून त्यांनी पाहुण्यांपुढे हात जोडले. "माफ करा, गाडी द्यायची नाही. हिला तिसरा गिअर नीट टाकायला शिकवायचंय."

"तिसरा मी नीटच टाकते," आत्या म्हणाली. त्यावरून जे भांडण लागलं ते भाऊबीजेपर्यंत पुरलं.

परतीच्या दिवशी काका माझी बॅग घेऊन बसनं चेंबूरला आले आणि आत्या मला गाडीवरून घेऊन गेली. घरी पोचल्यावर आईनं विचारलं, मुंबई पाहिलीस का. काय सांगणार? मुलुंडपासून चेंबूरपर्यंत मला आत्याच्या पाठीशिवाय काही दिसलं नाही. घामानं चिकटलेला ब्लाउज, कमरेला घट्ट खोचलेला पदर, आणि कुणी वळून बघितलं की हसण्यानं हलणारे तिचे खांदे. ह्या पाठीमागे बसून मी आणखी कितीही लांब गेले असते.