बादशहाच्या चौकटीत न मावलेली ओळ

स्वातंत्र्य आलं, त्याच्या पुढच्या वर्षी तासगावकडच्या आमच्या गावाला एकाएकी इतिहासाची आठवण झाली. झेंडावंदनाला साताऱ्याहून पाहुणे यायचे होते आणि त्यांना दाखवायला चावडीत काहीतरी हवं होतं. इंग्रज बादशहाची तसबीर उतरवल्यापासून तिथल्या भिंतीवर पांढुरका चौकोन तेवढा उरला होता.

बेचाळीस साली मी भूमिगतांसाठी भित्तिपत्रकं लिहीत असे. त्यातलं एकच बचावलं होतं. पोलीस गावात शिरले तेव्हा गावकुसाबाहेरच्या एका म्हातारीनं ते ओलं असतानाच सोलून काढलं आणि आपल्या छपरात खोचून ठेवलं. चिकटवतानाही तीच सोबत होती. वरची कड मी धरली होती, खालची तिनं. तिला अक्षर येत नव्हतं, पण आपल्या बोटांखाली काय लिहिलंय ते तिनं मला विचारून घेतलं होतं: 'गावची विहीर सर्वांना खुली.'

आता तिनं ते झेंडावंदनाच्या समितीला आणून दिलं. म्हणाली, "चावडीत लावा. म्हंजी सगळी वाचत्याली."

समितीच्या अध्यक्षांना काटकसरीचा भारी सोस. बादशहाची सागवानी चौकट माळ्यावर पडून होती, काच शाबूत. बादशहा नको, पण चौकट चांगली आहे, यावर समितीचं एकमत झालं. अडचण एवढीच की पत्रक दोन कागद जोडून केलेलं, बादशहापेक्षा वीतभर लांब.

मी म्हटलं, "सांगलीच्या पेठेत मापाची चौकट करून देतात."

"त्या मापाची काच मिळत न्हाई. इचारलंय मी," अध्यक्ष म्हणाले.

"कुणाला?"

"इचारलंय म्हनलं न्हवं का? खालनं दुमडायचं."

"खालून का? वरून दुमडा. वर 'इंग्रजांनो, चालते व्हा' असं आहे. ते गेले. खालचं अजून व्हायचंय."

अध्यक्षांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "गड्या, वरची वळ म्हंजी इतिहास. इतिहास दुमडत न्हाईत."

"आणि खालची?"

"ती काय पळून जात्या व्हय? मागं राहील की. तुजी वळ कुनी खोडली न्हाई."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. विहिरीला लागून ज्यांची घरं होती, त्यांनी जरा जास्तच.

झेंडावंदन झालं. चौकटीला हार घातला गेला. पाहुण्यांनी पत्रक वाचून डोळे पुसले आणि चावडीच्या ओट्यावर उभं राहून समतेवर बोलायला सुरुवात केली. म्हातारी पायरीखाली उभी होती; वर ये, असं तिला अजून कुणी म्हटलं नव्हतं. तिनं मला खुणेनं बोलावलं.

"लेकरा, ह्ये आखूड कशानं झालं?"

"दुमडलंय, मावशी."

"माजा हात हुता ती वळ?"

"मागं गेली."

"भिंतीकडं तोंड करून?"

मी मान डोलावली. मनात समितीला शिव्या घालत होतो. तिनं एकही घातली नाही. ती घरी गेली आणि घागर घेऊन आली.

विहीर चावडीच्या समोरच. भाषण चालू असताना रहाट करकरला. सगळ्या माना वळल्या. अध्यक्ष ताडकन उठले, पाहुण्यांकडे पाहिलं आणि जणू धोतरच सारखं करायला उठले होते, असे पुन्हा खाली बसले.

"वा," पाहुणे म्हणाले, "तुमच्या गावात विहीर खुली झाली म्हणायची." त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून गावानं वाजवल्या.

"व्हय, सायेब," अध्यक्षही टाळ्या वाजवत म्हणाले. "आमच्या पत्रकातच हाय तसं. मागल्या अंगाला."

पाहुण्यांना मागलं अंग पाहायला वेळ नव्हता. त्यांची मोटार गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी रहाटावर दोर नव्हता. गावाला एक दिवस तहान परवडत होती, म्हातारीची घागर परवडत नव्हती. कुणी नेला, हे चावडीत कुणालाच ठाऊक नव्हतं आणि चावडीबाहेर सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तासगावच्या बाजारातून नवा दोर आणला. विहिरीवर पोचलो तेव्हा ती कठड्याशी घागर घेऊन बसली होती. आजूबाजूच्या घरांची दारं अर्धवट उघडी होती.

"ह्यो बी नेत्याल की रं," ती म्हणाली.

"मग पुन्हा आणू."

ती उठली. एक टोक तिनं धरलं, दुसरं मी रहाटाला बांधलं.