हात वर करून घेतलेलं माप

"हात वर करा."

तिच्या दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येक बाईला हे पहिलं वाक्य ऐकावं लागे. या नाही, बसा नाही, पाणी नाही. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात एका शिलाई मशीनपुरतं तिचं दुकान होतं. तिथे बँकेतली बाई हात वर करून उभी, भटजींची सून हात वर करून उभी. एकदा तर पोलिसातली बाई वर्दीत हात वर करून उभी होती. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नातवंडांना सांगते तर म्हणतात, आजी, फेकू नकोस.

बाकीचे शिंपी माप कसं घेतात ते आठवून पाहा. ताठ उभं करतात, हात खाली सोडायला सांगतात. तिला त्याचा भारी राग. "हात खाली सोडून उभा राहतो तो पुतळा," ती म्हणायची. "त्याला कापड कशाला पायजे?"

राग हाच तिचा स्वभाव होता. सुईवर राग, वीज गेली की वीज मंडळावर राग, ब्लाऊज घट्ट शिवा म्हणणाऱ्या बायकांवर तर फार. टेप गळ्यात असायची, पण दागिन्यासारखी. शाळा पाहिली नव्हती, आकड्यांवर विश्वास नव्हता. माप ती सुतळीवर घ्यायची. एक गाठ खांद्याची, एक छातीची आणि शेवटची गाठ कमरेपासून वर केलेल्या हाताच्या मनगटापर्यंतची. मग ज्या बाईचं माप तिच्या कापडाची चिंधी सुतळीच्या टोकाला बांधायची. तेच नाव, तोच पत्ता. दाराजवळच्या खिळ्यावर अशा शेकडो सुतळ्या लोंबत असत.

हात वर करण्याचं कारण साधं होतं. ती पेठ तालुक्याकडची. लहानपणापासून मजुरांच्या टोळीबरोबर द्राक्षाच्या बागांत यायची. मांडवाखाली घड विरळायचे म्हणजे दिवसभर हात डोक्याच्या वर. बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. तो काखेत ओढतो, फाटतो, वर सरकतो, औषध मारलेल्या पानांनी कातडी सोलवटते. दहा हंगाम तिने तसे काढले आणि मग शिवण शिकली. बहिणीसाठी तिने पहिला शर्ट शिवला त्यात काखेखाली एक चौकोनी तुकडा जोडला. त्याला ती चौबगळा म्हणायची. त्याने हात कितीही वर गेला तरी शर्ट जागेवर राहायचा.

आता माझ्याबद्दल सांगते, हसू नका. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बेचाळीस वर्षांची, स्वतःला फ्रीलान्स डिझायनर म्हणवत असे. म्हणजे दोन-तीन साडीवाल्यांना काठ काढून द्यायचे, लग्नपत्रिकांवर गणपती काढायचे आणि उरलेल्या वेळात कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावून समाजाचा विचार करायचे. हातमागाचा कुडता, खांद्याला शबनम पिशवी. त्या अवतारात मी तिच्या दुकानात गेले, तर तिचं ठरलेलं वाक्य आलं.

"मला माप द्यायचं नाही," मी म्हणाले. "मी डिझायनर आहे."

"डिझाइनरला काखा नसत्यात का?"

मी हात वर केले नाहीत. कारण माझा कुडता काखेत उसवला होता आणि आत सेफ्टी पिन होती.

भिंतीवर तो बहिणीचा शर्ट टांगलेला होता. तो पाहून माझ्या डोक्यात दिवा पेटला. शहरातल्या बायकांसाठी हाच शर्ट चांगल्या कापडात करायचा, आणि शहरात एक खपला की बागेतल्या एका बाईला एक द्यायचा. भागीदारी अर्धी-अर्धी. चित्र मी काढणार, कापणार-शिवणार ती. नाव मी ठेवलं, 'घामफुलं'. आज लिहितानाही कानशिलं तापतात.

तिने नाव ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "शब्द मी देनार माझ्या बायांना. शर्ट फाटला तर त्यांना तोंड मला दाखवायचं हाय, तुम्हाला नाय. तवा चौबगळ्याला हात लावायचा नाय."

मी म्हटलं, अर्थात.

पहिला हंगाम छान गेला. दहा-बारा शर्ट तिने स्वतः शिवले, एकही उसवला नाही. दुसऱ्या वर्षी तिच्या टोळीतल्या तीस जणींनी मागितले. दोन रविवार बागेत जाऊन तिने तीस जणींना मांडवाखाली उभं केलं आणि तीस सुतळ्या बांधून आणल्या. त्या जुडग्याला ती पोरासारखी जपत होती.

तेवढ्यात पुण्याच्या एका दुकानाची मोठी मागणी आली. दुकानाची मालकीण फोनवर फार गोड बोलायची. म्हणाली, कल्पना सुंदर आहे हो, फक्त काखेतला तो तुकडा काढा, त्याने बाई जाड दिसते.

मी काढला.

एवढंच केलं असतं तरी चाललं असतं. पण पुण्याचं काम तिच्या एका मशीनवर होणार नव्हतं म्हणून मी सातपूरच्या एका कारखान्यात कापायला टाकलं. कारखानदार म्हणाला, दोन वेगळे साचे कशाला, सगळं एकदमच कापतो. मग बागेतल्या तीस जणींचे शर्टही त्याच साच्यावर कापले गेले, स्मॉल, मीडियम, लार्ज. "या वेळी तुमचे हात मोकळे ठेवा, मावशी, सगळं शिवून येतंय," असं मी तिला सांगितलं. चौबगळ्याचं बोलले नाही. सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती. ते मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही. माझं वय झालं म्हणून हे कुणी भोळेपणात काढू नका. तो लबाडपणा होता.

वाटपाचा कार्यक्रम दिंडोरी रस्त्यावरच्या एका बागायतदाराच्या शेडमध्ये ठेवला. खुर्च्या, नारळ, माइक, पाहुणे. मागे कापडी फलक, त्यावर ठळक अक्षरांत 'घामफुलं'. तीस जणी नवे शर्ट घालून समोर ओळीने उभ्या. मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर पंधरा मिनिटं बोलले. त्या बायकांचा अर्धा दिवस बुडतो आहे, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

एसटी चुकल्यामुळे ती उशिरा आली. खांद्याला नेहमीची पिशवी, त्यात कात्री आणि दोऱ्याची रिळं. आली ती सरळ ओळीसमोर जाऊन थांबली. तिने काखेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही.

"हात वर करा," ती म्हणाली.

बायकांना सवय होती. तीसच्या तीस जणींनी एकदम हात वर केले. फाटणाऱ्या कापडाचा आवाज माइकने चांगला पकडला. पाहुण्यांना वाटलं हे स्वागत आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या थांबल्यावर तिची धाकटी बहीण, हात तसेच वर ठेवून, म्हणाली, "बाय, तू तर म्हनलीस फाटनार नाय."

सुईवरसुद्धा ओरडणाऱ्या त्या बाईने पिशवीतून कात्री काढली. ती स्टेजवर चढली, पाहुण्यांच्या मागे गेली आणि फलक खाली ओढला. खुर्चीवर ठेवलेले हार ढकलून तिथे कापड पसरलं. मग वितीने मोजत चौकोन कापायला लागली. वीत लांब, वीत रुंद. माझी अक्षरं एकेक करून तुटत होती. बागायतदार म्हणाला, "अहो बाई, हे काय," तर तिने त्याला कापडाची दुसरी बाजू धरायला लावली आणि त्याने ती धरलीही.

बायका जमिनीवर बसल्या. शर्ट उतरवले, काखा उसवल्या, आणि गोधडीला घालतात तसे टाके घालून चौकोन जोडायला लागल्या. मी माइकजवळ उभी. कुणाला माझी गरज नव्हती. तिने एक सुई माझ्यापुढे धरली.

"ओवून द्या."

मी दुपारभर सुया ओवल्या. चष्मा नव्हता, दर वेळी दोरा तीनदा चुकायचा. ती वाट पाहायची, पण दुसऱ्या कुणाला ओवू द्यायची नाही. उन्हं उतरली तेव्हा तीस शर्ट पुरे झाले. एकीच्या काखेत नेमका 'घाम' आला होता. तीच आधी हसली, मग सगळ्या हसल्या. मावशी मात्र हसली नाही. परत एकदा तीसही जणींचे हात वर करून घेतले, काहीच फाटलं नाही, तेव्हा तिने कात्री पिशवीत टाकली.

इथे माझ्यासारखीला लाज वाटून संपायला हवं होतं. पण मी कोण होते ते तुम्हाला अजून कळलेलं नाही.

कार्यक्रमाचे फोटो मी पुण्याला पाठवले होते. मालकिणीचा फोन आला. ते काखेतले अक्षरांचे तुकडे किती जिवंत वाटतात, म्हणाली, आमच्या सगळ्या शर्टांना तसेच लावा. बाई जाड दिसण्याचा मुद्दा ती विसरली होती. मी आनंदाने द्वारका चौकातून रिक्षा पकडली आणि पंचवटीत तिच्या दारात उतरले.

तिने मशीन न थांबवता ऐकून घेतलं. "फाटलेलं आवडलं त्यांना?"

"फाटलेलं नाही हो मावशी. त्यामागची गोष्ट आवडली."

मशीन थांबलं. "गोष्ट माझ्या बायांची हाय. ती विकायला कोनी काढली?"

ती उठली, खिळ्यावरची कोरी सुतळी घेतली.

"हात वर करा, ताई."

पहिल्यांदाच मी हात वर केले. काखेत सेफ्टी पिन होती, अजूनही. तिने ती काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. खांद्याची गाठ, छातीची गाठ, मनगटाची गाठ. तिने घाई केली नाही.

"उद्या या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गेले तर दुकान रिकामं. शेजारचा भाजीवाला म्हणाला, सकाळीच टेम्पो आला, मशीन चढवलं, गावाला गेली. दाराजवळच्या खिळ्यावरच्या सगळ्या सुतळ्या तिने नेल्या होत्या. एकच राहिली होती. तिच्या टोकाला माझ्या फलकाची चिंधी होती.

आणि तरी ती पुण्याची ऑर्डर मी पुरी केली. हो, केली. सातपूरला अक्षरं छापून घेतली, काखांना लावली. नंतर एका समारंभात त्याबद्दल शालही घेतली. ती शाल मी थंडीत कुत्र्याला घालते.

पुढच्या हंगामात तिची बहीण बागेत भेटली. चौबगळ्याचा नवा शर्ट अंगात होता.

"ती हाय गावाला," ती म्हणाली. "शिवती."

"माझं काही विचारलं?"

"नाय."

त्यानंतर ती मला भेटली नाही. मी गेले नाही, असंही म्हणता येईल. पेठ काही परदेशात नाही.

आता माझा उजवा खांदा धरला आहे. डॉक्टर म्हणतात, रोज भिंतीला टेकून हात जमेल तितका वर न्या. मोजायला मी तीच सुतळी वापरते. एक टोक कमरेला खोचते आणि डाव्या हाताने दुसरं वर ताणते. त्या दिवशी माझं मनगट कुठपर्यंत गेलं होतं, ते तिने शेवटच्या गाठीत बांधून ठेवलं आहे. आज सकाळी चार बोटं कमी पडली. नात दारातून पाहत होती. "आजी, कोण ओरडतं गं तुझ्यावर?" तिने विचारलं.

मी मोठ्याने बोलत होते, हे मला तेव्हा कळलं. "हात वर करा," मी म्हणत होते. दात आवळून, तिच्याच आवाजात.