डाव्या हाताने वाढणारी बाई

नागपूरहून निघताना माझ्या पिशवीत चांद्याच्या एका महिला मंडळाने छापलेलं पाककृतींचं पुस्तक होतं, आणि त्याच मंडळाचं आमच्या वर्तमानपत्राला आलेलं पत्र. पुस्तकातली चित्रं चोरीची आहेत, ती लाकडावर कोरून देणाऱ्या सिरोंच्याच्या जैनबबीने आम्हाला फसवलं, असा पत्राचा मजकूर. छापण्यापूर्वी खात्री करून या, असं संपादक म्हणाले.

पुस्तक गाडीतच वाचलं. त्यात वजनं-मापं नव्हती. मूठ, ओंजळ, चिमूट, सगळं हातांच्या चित्रांतून दाखवलेलं. वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) सोलणारी बोटं पाहून मला भूक लागली. इतकं नेमकं काम लुगड्यांचे ठसे कोरणारी बाई करील, हे मलाही पटेना. वहीत मथळा लिहून ठेवला: ‘चोरीची चित्रे’.

चांद्याला मंडळाच्या चिटणीस कमलाबाई भेटल्या. त्यांनी पुस्तकावर उजवा हात आपटला. मनगटावर गोंदलेले तीन हिरवे ठिपके होते.

“पाहा न भाऊ, पंगतीत डाव्या हातानं वाढून राह्यली! आपल्यात कोन बाई अशी वाढते? नथबी उजव्या नाकपुडीत. परक्या मुलखाचं पुस्तक पाहून उतरवलं तिनं.”

“तिला विचारलंत?”

“चोराले काय विचाराचं? लोक मले हसून राह्यले.”

मग मला जेवू घातलं. भाजीवर सांबार (कोथिंबीर) पेरला तोही उजव्या हाताने, माझ्याकडे पाहत.

बल्लारपूरहून सुटलेल्या बसचं टायर आलापल्लीच्या अलीकडे सागाच्या जंगलात फुटलं. ड्रायव्हर म्हणाला, “पेपरवाले न तुम्ही? छापा मंग, टायर कोन फोडलं!” आलापल्लीला मुक्काम पडला. सकाळी डाक बंगल्यात दाढी करताना पुस्तक शेजारी उघडं होतं. नजर आरशात गेली. आरशातली बाई उजव्या हाताने वाढत होती. नथही डावीकडे.

तरी संशय फिटला नाही. चोरलेलं चित्रही उलटं छापता येतं.

सिरोंच्याला गोदावरीच्या काठाजवळ जैनबबीचं घर होतं. वय साठीचं, समोर शिवणीच्या लाकडाचा ठोकळा. मी पत्र वाचून दाखवलं. तिने कोरणी खाली ठेवली.

“पेपरात मले चोर म्हनलं तं लुगडं छापाले कोन देईन, भाऊ?”

“चित्रं कुठून आणलीस, बाई?”

“कमलाबाईच्या सैपाकघराच्या दारात चार दिवस बसली मी. जसं दिसलं तसं घरी येऊन कोरलं.”

“छापल्यावर उलटं होतं, ठाऊक नव्हतं?”

“आजवर फुलं-वेलीच कोरल्या. फुलाले कुठी डावा-उजवा हात असते?”

छापून परत आलेला त्याच चित्राचा ठसा तिने पोत्यातून काढून दिला. लाकडातली बाई उजव्या हाताने वाढत होती. मी त्या कोरलेल्या बाईचं मनगट पाहिलं आणि ठसा उजेडात नेऊन पुन्हा पाहिलं.

“तो ठसा माझाच पुरावा,” ती म्हणाली. “नेता तं परत धाडा. पेपरवाल्याचा भरोसा नाई मले.”

तिसऱ्या दिवशी मी ठसा कमलाबाईंसमोर ठेवला आणि त्यातल्या बाईच्या मनगटावर बोट ठेवलं. तिथे तीन ठिपके कोरलेले होते. कमलाबाईंनी आपला हात शेजारी टेकवला. ठिपक्यांशी ठिपके ताडून पाहिले.

“हे तं मीच हाओ.”

त्यांनी पत्र परत मागितलं आणि चुलीत सारलं.

“तिचं नाव पुस्तकात राहीन. पन तिले सांगा, पुढच्या खेपेले नथ सरळ कर.”

ठसा मी त्याच ड्रायव्हरच्या हाती सिरोंच्याला पाठवला. परतीच्या गाडीत वहीतला मथळा खोडला. पुस्तक दोन दिवस माझ्या हातात होतं, आणि ते ठिपके छापील पानावरही होते. चोर शोधायला निघालेल्या माणसाला ते दिसले नव्हते.

ठसा पोचल्याची चिठ्ठी जैनबबीने कोणाकडून तरी लिहवून पाठवली. पुढची आवृत्ती सरळ निघेल. माझ्या प्रतीतली बाई मात्र डाव्या हातानेच वाढते आहे, आणि ती प्रत मी बदलून घेणार नाही.